दुर्गामावशीचा दुखवटा

मंगळवार, ११ नोव्हें.

आज जेवताना मी दुर्गामावशीले मारलं.

पोळी वाढता वाढता सासूबाईंना म्हटलं, आई, सोनाळ्याची माही मावशी गेली. शनिवारी भेटीले जाते, रविवारी परत येते. एवढंच बोलायचं ठरवलं होतं. पण त्यांनी विचारलं, "कवा?" म्हटलं, काल. "काय झालं होतं?" म्हटलं, हार्ट. एकामागून एक असं निघत गेलं की जशी मी तिच्या उशाशीच बसून होती.

सासूबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. हात धुतला. पुढं जेवल्या नाहीत.

मूळ भानगड शोभाची. माझ्याच कॉलेजात ऑफिसले आहे, राहते बाजूच्या गल्लीत. तिनं वान नदीच्या काठच्या त्या निसर्गोपचार केंद्रात दोघींचं बुकिंग करून टाकलं. मालीश, वाफ, मातीचा लेप, नदीकडं तोंड असलेली खोली. शनिवार-रविवार. "मंदा, पाठ तुझी धरते, मान तुझी धरते, अन् विचारतेस कोणाले?" बरोबर आहे तिचं. पण घरात मागच्या आठवड्यात नुसता विषय काढून पाह्यला तं सासूबाई म्हणाल्या, "मालीश कायची वं? बाळंतीण हायेस का तू?" विषय संपला. आमच्या घरातल्या बाईनं गाव सोडायचं तं लग्नाले, नाही तं मौतीले. लग्न कोणाचं नव्हतं.

मग माणूस शोधलं. साखरखेर्ड्याचे मामा आहेत, पण त्यांच्या सुना दिवसभर व्हॉट्सॲपवर. दोन-तीन नावं मनात आली, प्रत्येकाच्या मागंपुढं कोणी ना कोणी निघालं. दुर्गामावशी एकटी. विधवा, मूलबाळ नाही. पुतण्या आहे, तो बोलत नाही. तिचा नंबर आमच्या घरात कोणाजवळ नाही, माझ्याजवळही नाही. तिच्यासाठी कोणी फोन करणार नाही, म्हणून ती सापडली.

हे असं लिहिल्यावर फारच वाईट दिसतं. आहेच वाईट.

बुधवार, १२ नोव्हें.

सासूबाईंनी पहाटे उठवलं. "डोक्यावरून पाणी घे." स्वतःही घेतलं, या थंडीत. म्हटलं, आई, तुम्हाला कशाला? म्हणाल्या, "तुही मावशी माह्या घरी राह्यली हाये."

स्वयंपाकात फोडणी नाही. साधं वरण, भात, पोळी. ह्यांना मी खरं काय ते सांगितलंच होतं. तेव्हा हे म्हणे, "मले यात ओढू नको. मी काही ऐकलं नाही, मले काही माहीत नाही." आता फिकं वरण गिळून राह्यले अन् माझ्याकडं पाहून राह्यले. डबाही तोच. ऑफिसात कोणी विचारलं तं काय सांगू म्हणे.

सासूबाई दुपारी म्हणाल्या, "विकीच्या वेळी तुही माय नव्हती, तवा हीच आली होती बाळंतपणाले. सव्वा महिना राह्यली. तुले न्हाऊ घालणं, पोराले न्हाऊ घालणं, वरून मले म्हणे ईहीनबाई तुम्ही बसा. असं माणूस सापडत नाही."

मी विसरली नव्हती. म्हणजे विसरली नव्हती, पण

गुरुवार, १३ नोव्हें.

कॉलेजातून आली तं सासूबाई घरात नाहीत. त्या दुखऱ्या गुडघ्यांनी बाजारात गेल्या होत्या, एकट्या. पिशवी माझ्यासमोर ठेवली. दुखवटा. पुतण्याले टॉवेल-टोपी अन् त्याच्या बायकोले पातळ, फिकट निळं, चांगल्यातलं. "मौतीच्या घरी रिकाम्या हातानं जात नाहीत. अन् पुतण्या बोलत नाही म्हणते ना तू, मंग तं जास्तच द्याव लागते. अग्नी त्यानंच देल्ला असंल."

म्हटलं, हो. त्यानंच दिला.

मग म्हणाल्या, "मीबी येतो तुह्यासंगं."

म्हटलं, रस्ता खराब, गाड्या बदलाव्या लागतात, तुमचे गुडघे, तिथं बसायले पाट नाही, मी बोलतच राह्यली. शेवटी त्याच म्हणाल्या, "राहू दे. मेले हे गुडघे. ज्या बाईनं माह्या घरचं केलं तिच्या घरी मले जाता येत नाही." अन् पदर डोळ्यांना लावून देवापुढं जाऊन बसल्या. मी भांडी घासत होती. जरा जोरानं घासली, म्हणजे ऐकू येणार नाही.

शुक्रवार, १४ नोव्हें.

शोभा ऑफिसात म्हणे, टेन्शन नको घेऊ, गाऊन घे अन् पोहायचं काही असलं तं घे. मी काय पोहते, कर्म माझं.

बॅग भरली. खाली गाऊन, नवा टॉवेल, शाम्पू. सासूबाई पाहायले आल्या म्हणून वर दुखवटा ठेवला. लाज वाटली. पण बॅग काही रिकामी केली नाही.

शनिवार, १५ नोव्हें.

नदीकाठ. खोटं कशाले बोलू, जागा फार सुंदर आहे. पलीकडं सातपुडा निळा-काळा, मधून नदी, पाणी कमी पण स्वच्छ. या काठाले आता अशी तीन केंद्रं झाली आहेत, आमचं मधलं. खोलीत पांढऱ्या चादरी. जिकडं तिकडं पुण्या-नागपूरचे लोक पांढरे डगले घालून फिरून राह्यले, जसा काही दवाखानाच. आम्हालाही दिले. शोभा त्यात भोपळा दिसत होती, मी कशी दिसत होती देव जाणे. ती फोटो काढायले लागली, मी मोबाईल हिसकून घेतला.

जेवण: उकडलेला दुधी, मोड आलेले मूग, मीठ नाही. शोभा म्हणे एवढे पैसे देऊन बिनमिठाचं. मी मुकाट्यानं खाल्लं. घरी माझ्यापायी सगळे फोडणीशिवाय खाऊन राह्यले, मी इथं काय तोंड वर करून मीठ मागू.

मग मालीश. बाई तिथल्याच गावची, माझ्याहून मोठी, बोलकी. तेल कोमट. पाठीवर हात पडला अन् मले बाळंतपणाची खोली आठवली. आमच्या मागच्या खोलीतला अंधार, खाटेखालची शेगडी, ओव्याचा धूर. अन् मावशीचे हात. मी तवा किती चिडत होती तिच्यावर. जोरानं नको चोळू मावशी, दुखते. ती म्हणे, आता दुखू दे, म्हातारपणी माहं नाव घेशील. नाव घेतलं ना मी. बरोबर घेतलं.

रडायले आलं. मालीशवाली बाई म्हणे, "ताई, रडा. इथं लय बाया रडतात. नस मोकळी होते." नस!

हेच कमी होतं तं संध्याकाळी सासूबाईंचा फोन. पोचली का, दुखवटा दिला का, पुतण्याच्या बायकोले फोन दे, दोन शब्द बोलतो. मी नुसती हं हं करत राह्यली. शोभानं काय व्हायचं ते ओळखलं, फोन हातातून घेतला अन् तोंडाले टॉवेल लावून सुरू झाली. "आत्या, गेली हो आमची काकी... नाही जी, काही बोलली नाही... झोपेतच..." गळा दाटून दाटून. तिकडून सासूबाई रडून राह्यल्या, मले इथवर ऐकू येत होतं. "रडू नको बाई, पुण्यवान जीव होता, कोणाले तरास नाही देल्ला."

फोन ठेवला अन् शोभा हसायले लागली. मी नाही हसली. मी तिले म्हटलं, तू जनावर आहेस. ती म्हणे, "अन् तू?" मग दोघी नदीकडं तोंड करून बसलो. पांढऱ्या डगल्यात.

रविवार, १६ नोव्हें.

सकाळी शोभा म्हणे, दुखवटा त्या मालीशवालीले देऊन टाक, घरी दिला म्हणून सांग. देणारच होती. पिशवी हातात घेऊन तिच्यापर्यंत गेलीही. नाही देववलं. सासूबाई ते पातळ दुकानात हातानं चोळून चोळून पाहत बसल्या असतील, त्यांची सवय आहे.

ऑटो करून सोनाळ्याले गेली. इथून जवळच. शोभा थांबली, तिचा लेप बाकी होता.

मावशी ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. जिवंत. मले वाटलं होतं म्हातारी झाली असंल, वाकली असंल. नाही. केस पांढरे, बाकी तशीच खणखणीत. डोळ्यावर हात धरून म्हणे, "कोण वं? मंदे, तू व्हय?" अन् माझं तोंड दोन्ही हातात धरलं. म्हणे, "कितीक दिवसानं आली वं माय. तेल लावून आली का?"

चहा ठेवला. अन् पिशवी माझ्या हातातून घेऊन उघडली, एवढं काय आणलं म्हणून. टोपी निघाली. टॉवेल निघाला. पातळ निघालं. तिनं तिन्ही वस्तू मांडीवर ठेवल्या अन् पाह्यल्या.

"हा तं दुखवटा व्हय. कोणाच्या घरी चालली?"

मले वाटलं होतं रस्त्यात काही तरी सुचन. नाही सुचलं. म्हटलं, तुझ्याच.

सगळं सांगितलं. नदी, मालीश, डगला, शोभाचा फोनसुद्धा. खाली पाहून. ती उठली, चहा गाळला, माझ्यापुढं ठेवला, पुन्हा शेंगा घेऊन बसली. मग विचारलं,

"तुही सासू रडली?"

"हो."

"लय?"

"हो मावशी."

"काय म्हणे?"

सांगितलं. बाळंतपणाचं, पुण्यवान जीव म्हणाल्या ते, बाजारात गेल्या ते.

"फोडणी नाही देल्ली?"

"नाही. मंगळवारपासून."

"बाप्पा," म्हणे. एक शेंग सोलली, पुन्हा विचारलं, "भाजीलेबी नाही?" म्हटलं, नाही. "मंग चांगलंच झालं म्हणा माहं."

मी पदर तोंडात कोंबला अन् रडली. आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नाही. ती शिव्या देती तं बरं झालं असतं. दोन थापडा मारती तरी. ती म्हणे, "आता तू कायले रडतं? तू तं मारणारी."

टॉवेल-टोपी पिशवीत परत टाकली. "पुतण्याले कायले? तो येणारबी नाही." पातळ ठेवून घेतलं. म्हणे, "हे राहू दे माह्याजोळ. खरं लागन तवा कोण आणते."

मग तिनंच तोड काढली. म्हणे, "कावळा शिवला म्हणू." मले कळलंच नाही आधी. मग आठवलं, लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलं होतं. डोक्याले कावळा शिवला की मरण येते म्हणतात, मग सोयऱ्यांना मेल्याची खोटी खबर द्यायची. ते रडले की मरण टळलं. पण खोटी आहे हे कोणाले सांगायचं नाही, सांगितलं की फुकट गेलं. मावशीनं आपला फोन माझ्या हातात देल्ला, म्हणे, "लाव."

"ईहीनबाई, मी सोनाळ्याची दुर्गा बोलतो. भेऊ नका, जिती हाओ. मले कावळा शिवला होता. मंदीले म्या सांगतलं, खबर दे पण फोडू नको. पोरीनं बरोबर निभावलं."

तिकडं सासूबाई हसल्या, मग रडल्या, मग दोन्ही. मावशी फोन कानाले लावून ऐकत होती. तिच्या तोंडावर असा आनंद होता की मले पाहवेना.

सोमवार, १७ नोव्हें.

घरी शिरा. फोडणीचं वरण. ह्यांनी तीनदा घेतलं.

सासूबाईंनी अख्ख्या गल्लीले सांगितलं. माही सून कशी पाच दिवस मनात ठेवून राह्यली, मावशीचा जीव वाचावा म्हणून तोंडातून शब्द नाही काढला, रडली सुद्धा खरी खरी. "अन् ती पुतण्याची बायको काय रडली बाई, मले तं खरंच वाटलं." समोरच्या काकू माझ्या पाया पडायच्याच राह्यल्या. सासूबाई माझं तोंड निरखून पाहत म्हणाल्या, "तेज आलं वं तुह्या तोंडावर. पुण्याचं काम केलं की असं होते."

लेप होता तो. नदीतली माती.

हे आत येऊन म्हणे, "तुझं नशीबच भारी बुवा." मी उशी फेकून मारली.

या घरात लग्न होऊन आली तेव्हापासून सासूबाईंच्या तोंडून एवढं कौतुक कधी ऐकलं नव्हतं. अन् ऐकलं तं हे. गिळवतही नाही, थुंकवतही नाही.

शनिवार, २२ नोव्हें.

मावशी आली. सासूबाईंनीच बोलावलं, त्या दिवशीच्या फोनवरून नंबर घेतला होता, रोज बोलतात आता दोघी. पिशवीभर संत्री आणली.

दुपारी ओसरीत ऊन येतं तिथं सासूबाई पाय पसरून बसल्या अन् मावशी त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळून राह्यली. "अजून जराक वर, ईहीनबाई. हां. काय हात हाये तुमचा." ज्या बाईनं मले विचारलं बाळंतीण हायेस का! हसू आलं, दातात जीभ धरली.

मावशीनं माझ्याकडं एकदाही खुणेनं पाह्यलं नाही. टोमणा नाही, काही नाही. घरात जणू काही घडलंच नाही अशी वागते. मीच तिच्यापुढं चहा ठेवते अन् सटकते. तिची नजर चुकवून चुकवून मान पुन्हा धरली.

बुधवार, २६ नोव्हें.

मावशीले स्टँडवर सोडून आली. सासूबाई राहा म्हणत होत्या, ती म्हणे कापूस येचाचा हाये.

गाडी लागायले वेळ होता. बाकावर बसलो. शेवटी मीच तोंड उघडलं. म्हटलं, मावशी, माफ कर. म्हणे, "ते झालं. पण एक काम करजो मंदे. तुह्या सासूले खरं सांगून देजो."

मी उडालीच. म्हटलं, काऊन? तूच तं झाकलं.

"झाकलं ते तुह्यासाठी. आता माह्यासाठी सांग." आजूबाजूले पाह्यलं, आवाज खाली घेतला. "उद्या मी खरी गेली तं ती म्हणन, असंल पुन्हा कावळा. हसन अन् भाजीले फोडणी दीन. माह्या नावानं रडणारं एकच माणूस हाये वं, तेबी तू खोट्यात खर्चून टाकलं."

गाडी लागली. तिनं पिशवी घेतली, खिडकीतून म्हणे, "सांगजो."

घरी आली, भांडी लावली, उद्याचं पीठ मळून ठेवलं. नाही सांगितलं. सासूबाई एवढ्या खुशीत होत्या की.

शुक्रवार, २८ नोव्हें.

दोनदा जवळ जाऊन बसली. एकदा त्या माझीच स्तुती फोनवर नणंदेले सांगत होत्या. दुसऱ्यांदा मीच लसूण सोलून दिला अन् उठली. भित्री आहे मी. मारताना नाही भ्याली.

शोभाले सांगितलं तं ती म्हणे, गेलं ते गेलं, आता उकरू नको. तिले कोणी गुणाची म्हणून राह्यलं नाही ना.

शनिवार, २९ नोव्हें.

मावशी कालपासून फोन उचलत नाही. सासूबाईंनी काल दोनदा लावला, आज सकाळी लावला. मी म्हटलं, आई, शेजारी कोणाचा नंबर आहे का? त्या म्हणाल्या, "कायले घाबरतं? कापूस येचत असंल. तिले आता काही होत नाही, कावळ्याचं आपण काढलं ना." अन् हसल्या.

मावशी म्हणाली होती तसंच, अगदी तसंच.

हे म्हणे, चार्जिंग संपलं असंल, खेड्यात लाईन जाते. असंल. लाईन जाते. फोन शेतात राहतो. म्हाताऱ्या माणसाले ऐकू येत नाही. मी स्वतःले हेच सांगून राह्यली.

सोनाळ्याले जायचं. खामगावपर्यंतची गाडी आहे, पुढचं तिथून पाहू. बॅग भरली नाही, पर्स घेतली. सासूबाई ओसरीत बसल्या आहेत. आता त्यांच्यापुढं जाते अन् नदीपासून सगळं सांगते, मालीशपासून. ऐकून त्या माझ्यासंगं गाडीत बसतील का दार लावून घेतील, मले माहीत नाही. गुडघ्यांचं कारण मात्र मी या वेळी सांगणार नाही.

निघायच्या आधी मावशीले फोन पुन्हा एकदा लावला. वाजून राह्यला.